माळ्यावरची मालगाडी

वाचकहो, आमच्या घरी पाहुणा आला आणि त्याला माळ्यावर नेलं, की तो आधी हसतो. एका अंगाला बियाण्याची कणगी, लसणाच्या जुड्या, मोडकी पाभर. आणि दुसऱ्या अंगाला भिंतीलगत बारा फूट लांब, दीड फूट रुंद अशी फळी. फळीवर रूळ, सांधे, कौलारू स्टेशन, मालधक्का, एक चुन्यानं रंगवलेलं गोदाम आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. पाहुणा म्हणतो, "नातवंडांसाठी केलंय वाटतं!" मी म्हणतो, "नाही, नातवंडं इथं नोकरीला आहेत."

हे मी थट्टेनं सांगत नाही. या फळीवर रोज संध्याकाळी, निदान ज्या दिवशी वीज असते त्या दिवशी, एक मालगाडी येते. ती सहा डबे घेऊन येते, काही ठेवते, काही उचलते आणि पुढे जाते. कोणता डबा कुठं ठेवायचा हे आम्ही ठरवत नाही. ते डब्याच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. ते काम नीट झालं तरच गाडीनं हलायचं. एवढाच आमचा खेळ. पण त्यात नात, सून आणि मी असे तिघं जण तासभर घाम गाळतो.

खेळण्यातली आगगाडी तुम्ही जत्रेत पाहिली असेल. किल्ली दिली की ती गोल गोल फिरते, पोरं टाळ्या पिटतात आणि पाचव्या फेरीला कंटाळतात. ती गाडी म्हणजे घाण्याचा बैल. चालतो दिवसभर, जातो कुठंच नाही. त्यापुढची पायरी म्हणजे हुबेहूब देखावा. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुलं आहे. पुण्याला गेलात तर मुलांना घेऊन जरूर पाहा, डोळ्याचं पारणं फिटतं. पण पाहणं वेगळं आणि गाडी चालवणं वेगळं. माझं मन चालवण्यात आहे, आणि तेही मेल-एक्सप्रेस नव्हे, तर जिच्याकडे फलाटावरचा माणूस ढुंकूनही पाहत नसे अशी स्थानिक मालगाडी.

ही विद्या अमेरिकेतून आली. तिथं न्यू ऑर्लिन्स गावी फ्रँक एलिसन नावाचे गृहस्थ होते. त्यांनी १९४४ साली 'मॉडेल रेलरोडर' या मासिकात एक लेखमाला लिहिली. त्यांचं म्हणणं असं की तुमचं टेबल हा रंगमंच समजा, गाड्या म्हणजे नट, आणि वेळापत्रक म्हणजे नाटकाचं कथानक. नट नुसते स्टेजवर फेऱ्या मारत राहिले तर कोण बघेल? गाडीला काही कारण हवं, अडचण हवी, उशीर हवा. पुढे १९६१ साली त्याच मासिकात डग स्मिथ यांनी चिठ्ठ्यांची पद्धत मांडली. प्रत्येक डब्याचं एक कार्ड. त्यावर डब्याचा नंबर आणि जात लिहायची, म्हणजे बंद, उघडा की टाकी. कार्डाला खाली एक खिसा. त्या खिशात मालाची चिठ्ठी घालायची: अमुक माल, अमुक ठिकाणाहून, तमुक ठिकाणी. डबा पोचला की चिठ्ठी पालटायची, आणि डबा पुढच्या कामाला निघायचा.

हे वाचलं तेव्हा मला फार गंमत वाटली. कारण मी नोकरीतली पुष्कळ वर्षं मालधक्क्यावर कारकुनी केली. अमेरिकेतल्या हौशी माणसाचं कार्ड म्हणजे आमची बिल्टी आणि डब्याच्या अंगावरचं लेबल. जे मी पोटासाठी करत होतो ते तिकडं लोक रविवारी हौसेनं करत होते! त्या देशात या गाडीला लोक 'पेडलर' असंही म्हणत. पेडलर म्हणजे दारोदार जाणारा फेरीवाला. आमच्याकडे तिला शंटिंग गाडी म्हणायचे. पण फेरीवाला हेच नाव तिला शोभतं. दर स्टेशनला थांबायचं, कुणाचं काय हवं-नको बघायचं, आणि पुढच्या आळीला जायचं.

आता फळीकडे या. मी एक काल्पनिक स्टेशन केलं आहे, दौंड-मनमाड मार्गावर एकेरी रूळ होता त्या दिवसांतलं. तो मार्ग १८७८ साली झाला. ऊस, साखर, गूळ, कांदा यांचा मुलूख. आमच्या स्टेशनात एक मुख्य रूळ, शेजारी लूप म्हणजे गाडीला बाजूला उभं राहायची जागा, एक मालधक्क्याची सायडिंग आणि एक गोदामाची सायडिंग. दोन्ही सायडिंगा पुढे बंद. फळीच्या दोन टोकांना पडदा लावलाय. पडद्याआड गेलं की दौंड किंवा मनमाड आलं असं समजायचं. मोजमाप सत्त्याऐंशीला एक. म्हणजे खरी वस्तू सत्त्याऐंशी फूट असेल तर आमची एक फूट. बाजारात मिळणारे रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे असतात, ते परदेशी रुळाच्या हिशेबाचे. आपला ब्रॉडगेज त्याहून रुंद. त्या मापानं रूळ एकोणीस मिलिमीटरच्या वर हवेत. जाणकाराच्या डोळ्याला आमची गाडी जरा अरुंद वाटेवरून चालल्यासारखी दिसते. आम्ही तिकडे काणाडोळा करतो. इंजिन विकतचं आहे, एका चांगल्या दुभत्या शेळीच्या किमतीचं. चाकं आणि कपलिंगं विकत आणली, डबे मात्र घरी पुठ्ठ्याचे केले. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यासारखा पुठ्ठा नाही यासाठी.

पहिली गोष्ट जी हा खेळ शिकवतो ती सांध्याची. तुम्ही बैलगाडी किंवा ट्रॅक्टरची ट्रॉली बोळात घातली असेल तर तुम्हाला हे पुस्तकाशिवाय कळेल. वाट पुढे बंद आहे आणि ट्रॉली आत ठेवायची आहे. मग तुम्ही तोंड पलीकडे काढता आणि मागे रेटत ट्रॉली आत घालता. पुढून शिरलात तर ट्रॅक्टर आत अडकतो आणि ट्रॉली बाहेर राहते. आगगाडीचंही तेच. ज्या सायडिंगचं तोंड गाडी पुढे गेल्यावर मागच्या बाजूला उघडतं, ती सोपी. सांधा ओलांडायचा, सांधा फिरवायचा, मागे रेटायचं. पण जिचं तोंड गाडीच्या समोर उघडतं, ती महाकठीण. इंजिन पुढे, डबे मागे. आत शिरलं तर इंजिनच कोंडलं जाणार. तेव्हा काय करायचं? डबे लूपमध्ये उभे करायचे, इंजिन सोडायचं, मोकळ्या रुळावरून ते डब्यांच्या मागच्या टोकाला न्यायचं, तिकडून जोडायचं आणि मग पुढे रेटत आत घालायचं.

जुने गार्ड हे कधी करत आणि कधी करत नसत, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. समोर तोंड असलेल्या सायडिंगचा डबा ते शक्य तो तसाच पुढे घेऊन जात आणि दुसऱ्या दिवशी उलट बाजूनं येणाऱ्या गाडीवर सोपवत. उलट गाडीला तीच सायडिंग सोपी. मालकाला वाटे, माझा डबा माझ्या डोळ्यांदेखत स्टेशनातून पुढे गेला, ही काय रीत झाली? पण त्या एका दिवसाच्या उशिरात अर्ध्या तासाचं शंटिंग वाचे आणि मागची पॅसेंजर अडत नसे.

आमच्या गोदामाच्या सायडिंगचं तोंड मुद्दाम मी दौंडकडून येणाऱ्या गाडीच्या समोर ठेवलंय. सगळं सोपं असेल तर नातीला डोकं चालवायला काय उरणार?

दुसरी गोष्ट जागेची. मालधक्क्यावर तीन डब्यांची जागा आहे. पहिली जागा पत्र्याखाली. सिमेंट आणि खत तिथंच, कारण पाऊस. दुसरी उघड्यावर. तिसरी अगदी टोकाला, जिथं बैलगाड्या थेट डब्याला भिडतात. कांदा आणि गूळ तिथं भरतात. आता समजा टोकाचा कांद्याचा डबा भरून तयार आहे, पण त्याच्या पुढे पत्र्याखाली खताचा डबा अर्धा उतरलेला उभा आहे. कांदा काढायचा तर खत आधी बाहेर ओढलं पाहिजे. म्हणजे हमालांनी काम थांबवायचं, फळ्या काढायच्या, दारं लावायची. इंजिन दोन्ही डबे ओढणार, कांदा लूपला ठेवणार, आणि खताचा डबा परत आणून होता त्याच दाराशी, होता तसाच उभा करणार. टेबलावर हौशी लोक पुष्कळदा हे विसरतात. कांदा मिळाला की गाडी हाकतात आणि खताचा डबा भलतीकडंच सोडून देतात. आमच्याकडे तसं चालत नाही. हमाल बिचारे वीतभर लांब फळी टाकून गोणी आणणार आहेत का?

तिसरी गोष्ट माणसाची, आणि ती मी नातीला सगळ्यात आधी शिकवली. आमचे डबे सोडवायला बांबूची बारीक काडी लागते. भेळवाल्याकडे मिळते तसली. काडी दोन डब्यांमध्ये घालून फिरवली की कपलिंग सुटतं, सेकंदाचं काम. पण खऱ्या स्टेशनात ते काम सांधेवाला करत असे. तो दोन डब्यांच्या मध्ये वाकून शिरे, जड साखळी हातानं उचले, स्क्रू फिरवी. रात्री, पावसात, कंदिलाच्या उजेडात. माझ्या ओळखीच्या एका सांधेवाल्याची दोन बोटं अशीच गेली. तो पुढे डाव्या हातानं चहाचा कप धरी. म्हणून आमचा नियम असा: डबा जोडताना वा सोडताना इंजिन पूर्ण थांबवायचं, आणि वीस आकडे मोजल्याशिवाय हलवायचं नाही. आत माणूस आहे. नात पहिल्यांदा म्हणाली, "आबा, पण आत कुणी नाहीये." मी एक पेराएवढा माणूस घेतला आणि डब्यांच्या मध्ये उभा केला. तेव्हापासून ती मोजते.

आता एका संध्याकाळची गाडी तुम्हाला सांगतो. चैत्र संपत आला होता, आमचा स्वतःचा कांदा काढून शेतातच पडला होता. सूनबाई स्टेशन मास्तर, नात गार्ड आणि मी ड्रायव्हर. ड्रायव्हरला स्वतःची अक्कल चालवायला बंदी. गार्ड हात दाखवील तसं चालायचं. दौंडहून गाडी निघाली: रॉकेलची टाकी, खताचे दोन डबे, कोळशाचा उघडा डबा, सिमेंटचा एक आणि एक रिकामा बंद डबा, शेवटी गार्डाचा डबा. चिठ्ठ्यांप्रमाणे खत आणि रिकामा डबा आमच्या धक्क्याला, सिमेंट गोदामाच्या सायडिंगला, टाकी आणि कोळसा पुढे. धक्क्यावर आधीचे तीन डबे उभे: खताचा अर्धा उतरलेला, एक रिकामा झालेला, आणि टोकाला कांदा भरलेला. कांद्याच्या चिठ्ठीवर सूनबाईंनी लाल पेन्सिलीनं रेघ मारली होती. लाल रेघ म्हणजे नाशवंत, आजच गेलं पाहिजे.

बावन्न मिनिटांनी मनमाडकडून पॅसेंजर येणार होती. एकेरी रूळ, ती यायच्या आत मुख्य रूळ मोकळा हवा. बावन्न मिनिटं ऐकायला पुष्कळ वाटतात. गाडी लूपला घेणं, इंजिन सोडणं, धक्क्याचे तिन्ही डबे ओढून काढणं, कांदा वेगळा करणं, रिकामा वेगळा करणं, अर्ध्या खताचा डबा जागेवर परत ठेवणं. मग नवं खत, मग रिकामा डबा टोकाला. पण टोकाची जागा भरायची तर नवा रिकामा डबा खताच्या आधी आत गेला पाहिजे, आणि दौंडहून येताना तो सगळ्या खतामागं लागलेला. म्हणजे पुन्हा ओढणं, पुन्हा लावणं. शिवाय खताचे आता तीन डबे झाले आणि धक्क्यावर जागा तिघांचीच. टोकाला रिकामा गेला की एक खत बाहेर राहतं. तो लूपच्या कडेला ठेवायचा आणि उद्या आत घालायचा. वीस-वीस आकडे मोजत चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. सिमेंट अजून तसंच. गोदामाचं तोंड समोर, म्हणजे इंजिन वळसा घालून मागं न्यायला हवं होतं.

नातीनं कार्डांचा गठ्ठा हातात धरला आणि गप्प उभी राहिली. सूनबाईंनी मुकाट्यानं घड्याळ तिच्याकडे फिरवलं. मी इंजिनच्या बटणावर हात ठेवून बसलो. शेवटी पोर म्हणाली, "आबा, सिमेंट पुढं जाऊ द्या. ते उद्या उलट गाडीनं येईल. सिमेंट सडत नाही."

पॅसेंजर आली तेव्हा गाडी लूपमध्ये उभी होती, कांदा इंजिनच्या पाठोपाठ दुसरा. आणि ज्या गोष्टीसाठी मी गार्डांना जन्मभर बोलणी खाताना पाहिलं, तीच गोष्ट या सहावीतल्या पोरीनं स्वतःच्या बुद्धीनं केली होती.

त्या रात्री जेवताना तिनं विचारलं, "आता आपला कांदा असा एका डब्यानं का जात नाही?"

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत आहे, आणि ते मला त्या फळीमुळं नीट सांगता आलं. जुना चार चाकी बंद डबा सुमारे बावीस टनांचा. एकरी साडेआठ-नऊ टन कांदा धरला तर अडीच एकरांचा कांदा म्हणजे एक डबा. मालाला हवा राहावी म्हणून काही कमी भरला, तरी दोन-अडीच एकरांत डबा होतोच. म्हणजे दोन बैलांचा शेतकरी स्वतःच्या नावावर डबा मागू शकत होता, आणि शेजाऱ्याला हाताशी धरलं तर सहज. बिल्टी त्याच्या नावाची, लेबल त्याच्या डब्याला. डबा मिळायला दिवस लागत, खेटे घालावे लागत, ते सगळं खरं. पण रेल्वेचं सगळ्यात लहान माप त्याच्या शेताच्या मापाचं होतं.

आता दुसरी बाजू बघा. त्या संध्याकाळी आमची गाडी स्टेशनात पन्नास मिनिटं होती. प्रत्यक्ष पुढं चालली ती जेमतेम चार मिनिटं. बाकी सगळा वेळ दोन-तीन डब्यांच्या पायी पुढे-मागे. अशी आठ-दहा स्टेशनं केली की त्या इंजिनाचा आणि त्या माणसांचा दिवस संपला. नंतर तो डबा मोठ्या यार्डात जाणार, तिथं दिशेप्रमाणे लावला जाणार, दुसऱ्या यार्डात पुन्हा लावला जाणार, आणि तिकडल्या शंटिंग गाडीनं कुठल्या तरी धक्क्याला पोचणार. १९८० च्या सुमारास ब्रॉडगेजवरचा डबा एकदा भरल्यापासून पुन्हा भरला जाईपर्यंत सरासरी पंधरा दिवस जात. त्यातले किती दिवस तो नुसता उभा असे, हे ज्यानं यार्ड पाहिलंय त्याला विचारा. १९८० नंतरच्या काळात रेल्वेनं धोरण बदललं: सुटा डबा नको, अख्खी गाडी एका ठिकाणी भरा आणि एका ठिकाणी उतरवा. मधे तोडमोड नाही, शंटिंग नाही. कोळसा, खनिज, सिमेंट, खत, सरकारी धान्य यांना ते फार मानवलं. डब्याची फेरी पाच-सहा दिवसांवर आली. देशाचा कोळसा वेळेवर पोचतो तो यामुळंच, आणि कोळसा पोचतो म्हणून आपल्या पंपाला वीज मिळते. तेव्हा नुसती हळहळ करून चालणार नाही.

पण मापाचं काय झालं तेही बघा. आजची बंद डब्यांची अख्खी गाडी चाळीस-बेचाळीस मोठ्या डब्यांची असते, अडीच हजार टनांच्या जवळपास. म्हणजे पन्नास किलोच्या पन्नास हजार गोण्या. म्हणजे सुमारे तीनशे एकरांचा कांदा, एकाच दिवशी, एकाच धक्क्यावर, एकाच गावाला जाणारा. असं माप कोणत्या शेतकऱ्याच्या घरात आहे? ते व्यापाऱ्याच्या वखारीत असतं. आम्ही चार घरं मिळून ट्रक भरतो. ट्रक बांधापर्यंत येतो, त्याला शंटिंग लागत नाही, ही त्याची मोठी सोय. डिझेल वाढलं की भाडं वाढतं, हे त्याचं दुखणं.

हेच अमेरिकेतही झालं, हे वाचून मला थोडं नवल वाटलं आणि थोडं समाधानही. तिथल्या गहू-मक्याच्या मुलखात गावोगाव रुळाकाठी धान्याची उंच कोठारं असत, पुष्कळशी शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांची. फेरीवाली मालगाडी एक-दोन चाळीस फुटी डबे ठेवी आणि भरलेले घेऊन जाई. पुढे मोठे हॉपर डबे आले, मग शंभर-शंभर हॉपरच्या अख्ख्या गाड्या आल्या. १९८० साली स्टॅगर्स कायदा झाल्यावर न परवडणारे फाटे बंद करणं रेल्वे कंपन्यांना सोपं झालं, आणि किती तरी लहान कोठारांपुढचे रूळ उखडले गेले. तिथले हौशी लोक आपल्या टेबलावर बहुधा १९५० च्या आसपासचा काळ मांडतात, त्याचं कारण हेच. त्या काळात गाडीला दर स्टेशनात काम होतं.

आपल्याकडे मधे एकदा लहान माप परत आलं होतं. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला पहिली किसान रेल्वे निघाली. वाटेतल्या स्टेशनांवर थोडा थोडा माल चढवायची तीत सोय होती, अख्खी गाडी एकट्यानं भरायची अट नव्हती. पुढे फळं-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलतही देण्यात आली. २८ डिसेंबर २०२० ला शंभरावी गाडी सांगोल्याहून पश्चिम बंगालमधल्या शालिमारला गेली, डाळिंबाच्या मुलखातून. नातीला मी हे सांगितलं तेव्हा तिनं लगेच विचारलं, "ती गाडी वाटेत थांबून डबे तोडायची का?" नाही. डबे तसेच राहायचे. माणसं क्रेट उचलून आत ठेवायची. शंटिंगचा वेळ वाचवून लहान माल घ्यायची ती युक्ती होती. पोरीला ते पटलं. ती म्हणाली, मग आपल्या फळीवरही तशी एक गाडी हवी. सध्या ती पुठ्ठा कापत बसली आहे.

तुमच्यापैकी कुणाला हे करून बघायचं असेल तर इंजिन विकत घेण्याची मुळीच गरज नाही. इंग्लंडमध्ये अॅलन राइट नावाच्या गृहस्थांनी शंटिंगचं एक कोडं बसवलं, ते आजच रात्री ओट्यावर मांडता येईल. खडूनं तीन रुळांच्या रेषा काढा, एका टोकाला एकत्र मिळणाऱ्या. एकीवर पाच काड्यापेट्या मावतील, बाकीच्या दोहोंवर तीन-तीन. जिथं तिन्ही मिळतात तिथून बाहेर एक शेपूट काढा. त्यावर इंजिन आणि तीन पेट्या मावल्या पाहिजेत, जास्त नाही. इंजिन म्हणून रबराचा तुकडा चालेल. ते नेहमी शेपटाच्या बाजूनंच डब्यांना लागतं. आठ पेट्यांवर नावं लिहा: कांदा, गूळ, खत, सिमेंट, सरकी पेंड, रॉकेल, मीठ, कोळसा. पेट्या कशाही मांडा. मग आठ चिठ्ठ्यांतून पाच उचला आणि ज्या क्रमानं निघाल्या त्याच क्रमानं त्या पाच पेट्या लांब रुळावर लावा. आठांतून पाच, क्रमासकट, म्हणजे सहा हजार सातशे वीस तऱ्हेच्या गाड्या होतात; पावसाळाभर पुरतील. जागा तोकडी ठेवली आहे ती मुद्दाम. लवकर सुटलं नाही म्हणून शेपूट लांब करू नका.

घरातल्या मोठ्या माणसानं बाजूला बसून ढकलण्या मोजाव्यात. पहिल्या खेपेला चाळीसच्या वर जातील, आठ दिवसांत निम्म्यावर येतील. मधली पेटी हातानं उचलून काढायची नाही. खालची लेकरं हे हटकून करतात. आणि पेट्या जोडताना-सोडताना वीस आकडे मोजायला लावा.